छाननी कोणाची?

(गढा, जबलपूर येथे कामगार कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात हिंदीतून केलेल्या भाषणाचा मराठी मजकूर. भाषांतर वक्त्यानेच केले आहे.)



आजचा विषय प्रथमदर्शनी रुक्ष वाटेल. बेकारी विम्याच्या दाव्यांची छाननी हा कचेरीतल्या टेबलावरचा विषय आहे, लढ्याच्या मैदानातला नव्हे, असे आपल्यापैकी काहींना वाटण्याचा संभव आहे. मोर्चा, घेराव, संप ही आपली ओळखीची हत्यारे. परंतु संप संपल्यावर, कारखाना बंद पडल्यावर किंवा कंत्राट बदलल्यावर जो कामगार घरी बसतो, त्याचा भांडवलशाही राज्ययंत्रणेशी पहिला सामना होतो तो एका अर्जाच्या रूपाने. त्या अर्जावर कोणीतरी ‘मंजूर’ किंवा ‘नामंजूर’ असे लिहितो. हा शेरा कशाच्या आधारावर लिहिला जातो, आधाराची कागदपत्रे कोणाच्या ताब्यात असतात आणि ती खोटी ठरली तर भुर्दंड कोणाला पडतो, हे तीन प्रश्न विचारले की कारकुनी वाटणारा हा विषय वर्गीय होऊन आपल्यापुढे उभा राहतो.

माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगून टाकतो. आपल्या देशात बेकारीच्या दाव्याची जी छाननी होते ती नावाला दाव्याची असते. प्रत्यक्षात ती कामगाराची होते. जी वस्तुस्थिती पडताळावयाची, ती सगळी मालकाच्या नोंदवहीत असते. ती नोंद चुकली तर उपाशी राहतो कामगार. ही छाननी उलटी फिरवून मालकाच्या नोंदवहीवर आणणे, हे आजच्या काळात कामगार संघटनांचे एक महत्त्वाचे काम आहे.

हक्क नव्हे, योजना

प्रथम हा भत्ता आला कोठून ते पाहू. इंग्लंडमध्ये बेकारी विम्याचा कायदा १९११ साली झाला. आपल्याकडे ब्रिटिश सरकारने नेमलेल्या शाही श्रम आयोगाने १९३१ च्या अहवालात असा विमा हिंदुस्थानात व्यवहार्य नाही असे ठरवून टाकले. जे राज्यकर्त्यांच्या मायदेशी वीस वर्षे चालू होते ते वसाहतीतील कामगाराला परवडणारे नव्हते! पुढे अडारकर अहवाल आला, १९४८ साली कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. आजारपण, बाळंतपण, कामावरील अपघात, मृत्यू यांसाठी त्यात लाभ होते. बेकारीसाठी काही नव्हते.

याची किंमत कोणी मोजली? १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईचे गिरणी कामगार संपावर गेले आणि त्यातील हजारो पुन्हा गिरणीच्या फाटकातून आत गेलेच नाहीत. नागपूरची एम्प्रेस मिल बंद पडली. या कामगारांनी वर्षानुवर्षे विम्याची वर्गणी भरली होती. पण रोजगार गेला त्या दिवशी त्यांच्यासाठी विमा नावाची गोष्ट शिल्लक राहिली नाही. राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना आली ती १ एप्रिल २००५ पासून, आणि त्या तारखेनंतर रोजगार गेलेल्यांपुरती. तीही कारखाना बंद पडणे, छाटणी किंवा कामाबाहेरच्या कारणाने आलेले कायमचे मोठे अपंगत्व एवढ्याच प्रसंगांसाठी. गिरण्यांचे भोंगे त्यापूर्वीच थांबले होते.

दुसरी योजना १ जुलै २०१८ पासूनची, अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना. मूळ अटी अशा: बेकार होण्यापूर्वी सलग दोन वर्षे विमापात्र नोकरी, सहा-सहा महिन्यांच्या चारही वर्गणीकाळात प्रत्येकी किमान ७८ दिवसांची वर्गणी, बेकारीचे तीन महिने उलटल्यावर अर्ज. भत्ता सरासरी रोजच्या मिळकतीच्या २५ टक्के, जास्तीत जास्त ९० दिवस आणि तोही उभ्या आयुष्यात एकदाच. ही योजना दोन वर्षांच्या प्रयोगापुरती होती; तिला पुढे मुदतवाढी मिळत गेल्या.

हा ‘मुदतवाढ’ शब्द ध्यानात घ्या. हक्काला मुदतवाढ लागत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही श्रमसंहिता अंमलात आणल्या गेल्या. सामाजिक सुरक्षा संहितेच्या व्याख्येत ‘बेकारी’ हा शब्द आहे. परंतु विमा महामंडळाने द्यावयाच्या लाभांची यादी काढून पाहा. आजार, बाळंतपण, अपंगत्व, आश्रित, औषधोपचार, अंत्यविधी यांच्या रांगेत बेकारी नाही. व्याख्येत आहे, यादीत नाही. भाषांतराचे काम करणाऱ्याला अशा जागा चटकन दिसतात, कारण त्याला प्रत्येक शब्दाचे पुढे काय झाले ते शोधावे लागते.

टेबलावर काय घडते

आता छाननी म्हणजे नेमके काय ते पायरीपायरीने पाहू. अर्ज आला की तपासणाऱ्याला सात-आठ गोष्टी ठरवावयाच्या असतात. अर्जदार तोच आहे काय, त्याचा विमा क्रमांक, आधार व बँक खाते जुळते काय. तो विमेदार होता काय आणि किती काळ. त्याची नोकरी कोणत्या तारखेला गेली. त्या आधीच्या वर्गणीकाळात त्याचे किती दिवस भरले. नोकरी का गेली. गैरवर्तनाची शिक्षा म्हणून, वयोमर्यादेने किंवा स्वेच्छानिवृत्तीने गेली असेल तर भत्ता नाही. प्रतीक्षेचा काळ उलटला काय. पूर्वी कधी हा भत्ता घेतला आहे काय. दरम्यान दुसरी नोकरी लागली काय. आणि शेवटी हिशेब.

या यादीकडे कामगाराच्या बाजूने पाहा. त्याला स्वतःच्या हाताने सिद्ध करता येण्यासारख्या गोष्टी किती? आपण कोण आहोत आणि आपले खाते कोणते, एवढेच. नोकरीची तारीख, भरलेले दिवस, पगाराचा आकडा, नोकरी जाण्याचे कारण यांची नोंद मालकाने किंवा कंत्राटदाराने केलेली असते. २०१८ च्या मूळ पद्धतीत तर अर्जसुद्धा शेवटच्या मालकामार्फत पाठवावयाचा होता. वीस रुपयांच्या मुद्रांक कागदावर प्रतिज्ञापत्र करावयाचे होते ते मात्र कामगाराने. ज्याच्याजवळ पुरावा नाही त्याने शपथ घ्यावयाची, आणि ज्याच्याजवळ सगळा पुरावा आहे त्याने सवडीने शिफारस करावयाची!

महामारीच्या काळात यात बदल झाला. ऑगस्ट २०२० मध्ये महामंडळाने अटी शिथिल केल्या. दर २५ वरून ५० टक्के झाला, प्रतीक्षा ९० दिवसांवरून ३० दिवसांवर आली, लगतच्या एका वर्गणीकाळात ७८ दिवस आणि आधीच्या तीनपैकी कोणत्याही एकात ७८ दिवस पुरे झाले. अर्ज थेट शाखा कचेरीत देण्याची मुभा मिळाली आणि मालकाकडून पडताळणी करण्याचे काम कचेरीकडे आले. नोव्हेंबर २०२० मध्ये प्रतिज्ञापत्राची अटही गेली. म्हणजेच ज्या अटी ‘अपरिहार्य’ म्हणून सांगितल्या जात होत्या त्या एका ठरावाने बाजूला करता येत होत्या. हा धडा विसरता कामा नये.

आणि तो ठराव केव्हा झाला तेही विसरता कामा नये. ८ मे २०२० रोजी पहाटे औरंगाबादजवळ करमाड येथे रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली चिरडले गेले. ते जालन्याच्या पोलाद कारखान्यात कामाला होते आणि घरे होती आपल्या शेजारच्या शहडोल व उमरिया जिल्ह्यांत. टाळेबंदीने काम गेले, मजुरी थांबली, म्हणून ते भुसावळच्या दिशेने पायी निघाले होते. भत्त्याच्या अटी सैल करण्याचा निर्णय त्यानंतर तीन महिन्यांनी आला. पोटासाठी महाराष्ट्रात गेलेला महाकोशलचा मजूर रोजगार गेल्यावर ज्या गावी परततो, तेथून त्याच्या शेवटच्या मालकाची नोंदवही शेकडो मैल दूर असते. दाव्याचा विचार करताना हे अंतरही मोजले पाहिजे.

एक आकडा, एक क्रियापद

आता या छाननीतील सर्वांत नाजूक जागेकडे येतो. मालक दरमहा वर्गणीचा तक्ता संगणकावर भरतो. ज्या कामगाराचे त्या महिन्यात कामाचे दिवस शून्य असतील, त्याच्या नावापुढे कारणाचा एक आकडा टाकावयाचा असतो. २ म्हणजे नोकरी सोडली. ३ म्हणजे निवृत्त. ९ म्हणजे संप किंवा टाळेबंदी. १० म्हणजे छाटणी. ११ म्हणजे काम नाही.

यातील २ आणि १० या दोन आकड्यांमध्ये काय फरक आहे? व्याकरणाच्या भाषेत सांगायचे तर कर्ता बदलतो. ‘नोकरी सोडली’ या वाक्याचा कर्ता कामगार आहे. ‘छाटणी केली’ या वाक्याचा कर्ता मालक आहे. घटना एकच, फाटकाबाहेर उभा असलेला माणूस एकच. पण पहिल्या वाक्यात त्याने स्वतःच्या हाताने आपली रोटी दूर लोटलेली दिसते आणि दुसऱ्यात ती त्याच्या हातून हिसकावलेली दिसते. मालकाला छाटणी हा शब्द नको असतो, कारण छाटणी म्हटली की नोटीस आली, वर्षाला पंधरा दिवसांच्या पगाराची भरपाई आली, मोठ्या कारखान्यात सरकारची परवानगी आली. म्हणून तो २ हा आकडा टाकतो. तपासणाऱ्याच्या पडद्यावर तोच आकडा दिसतो आणि त्याला वाटते, या गृहस्थाने तर आपण होऊन काम सोडले!

याच गढ्यात अर्ज वाचून समजून घेण्यासाठी एक भगिनी माझ्याकडे आल्या होत्या. एका खाजगी दवाखान्यात त्या सफाईचे काम करीत. कंत्राटदार बदलला तेव्हा जुन्याने सर्वांना एका इंग्रजी कागदावर सही करावयास सांगितले. हिशेब चुकता झाल्याची ती पावती आहे असे सांगण्यात आले होते. कागदाची छायाप्रत त्यांनी जपून ठेवली होती. ती पावती नव्हती, तो राजीनामा होता. ‘घरगुती अडचणीमुळे’ काम सोडत असल्याचे त्यात लिहिले होते. त्यांच्या बरोबरीच्या सगळ्या जणींच्या घरी एकाच दिवशी एकच घरगुती अडचण उद्भवली होती! एकेक अर्ज स्वतंत्र तपासणाऱ्याला हे दिसणार नाही. पण सगळे कागद एकत्र टेबलावर ठेवले तर अंधालाही दिसेल. संघटनेचे काम नेमके हेच, सुटे कागद एकत्र आणण्याचे.

अठ्ठ्याहत्तर दिवसांचा हिशेब

दुसरी जागा हिशेबाची. ७८ दिवस म्हणजे सहा महिन्यांत, महिन्याला तेरा दिवस. कायम कामगाराला ही अट जाणवतही नाही. पण कंत्राटी कामगाराला मुद्दाम खंड दिला जातो, दर काही महिन्यांनी नाव बदलून किंवा कंत्राट बदलून नवा विमा क्रमांक काढला जातो. एकाच माणसाचे दोन-तीन क्रमांक होतात आणि त्याचे दिवस त्या क्रमांकांमध्ये वाटले जातात. एकूण दिवस भरपूर, पण एकाही क्रमांकावर पुरेसे नाहीत. येथे छाननीचे खरे काम क्रमांक जोडून देण्याचे आहे. ते न करता ‘वर्गणी अपुरी’ असा शेरा मारणे सोपे असते.

सरासरी काढण्याची रीतही पाहा. चार वर्गणीकाळांतील एकूण मिळकतीला ७३० ने भागावयाचे. समजा एका कामगाराला रोज ४०० रुपये मिळतात आणि त्याला महिन्याला २६ दिवस काम मिळाले. दोन वर्षांची मिळकत २,४९,६०० रुपये. सरासरी सुमारे ३४२ रुपये. पंचवीस टक्के दराने रोजचे ८५ रुपये आणि ९० दिवसांचे सुमारे ७,७००. पन्नास टक्के दराने सुमारे १५,४००. आता त्याच रोजंदारीचा दुसरा कामगार घ्या. त्याला प्रत्येक वर्गणीकाळात जेमतेम ७८ दिवस काम मिळाले. त्याची सरासरी १७१ रुपयांवर येते आणि भत्ता निम्मा होतो. ज्याला आधीच काम कमी मिळत होते, त्याला बेकारीतही कमी. रविवार आणि सक्तीच्या खंडाचे दिवससुद्धा भागाकारात मोजले जातात. हा हिशेब प्रत्येक कार्यकर्त्याला कागद-पेन्सिलीने करता आला पाहिजे, म्हणजे मंजूर झालेली रक्कम बरोबर आहे की नाही हे आपल्याला तपासता येईल.

या शहरात विडी वळणाऱ्या आपल्या भगिनींना छाट म्हणजे काय ते समजावून सांगण्याची गरज नाही. सट्टेदार जुड्या तपासतो, काही विड्या नापास करून बाजूला काढतो. नापास विडीचे पैसे देत नाही, पण ती परतही करीत नाही. नामंजूर झालेल्या दाव्याचेही तसेच आहे. जुलै २०१९ पासून कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का आणि मालकाकडून सव्वातीन टक्के वर्गणी जाऊ लागली. औषधोपचार त्यातून मिळतो हे खरे. परंतु बेकारीच्या दिवशी दावा छाट म्हणून बाजूला पडला तर त्यासाठी भरलेला वाटा कोणी परत करीत नाही. आणि घरबसल्या विडी वळणारीला तर हा भत्ताच दुरापास्त आहे. ती मालकाची कर्मचारी आहे हे भविष्यनिर्वाह निधीच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन मान्य करून घ्यावे लागले होते.

वर्गणी बुडवली मालकाने, दंड कामगाराला?

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. मालकाने पगारातून वर्गणी कापली, पण भरली नाही, तर काय? कचेरीच्या नोंदीत दिवस शून्य दिसतात. दावा फेटाळला जातो. अनेक कार्यकर्तेही येथे हात टेकतात. पण १९४८ च्या कायद्याच्या ६८ व्या कलमाने महामंडळाला असा अधिकार दिला होता की, मालकाने भरावयाची वर्गणी न भरल्यामुळे कामगाराचा लाभ बुडत असेल तर महामंडळाने लाभ द्यावा आणि त्याची वसुली मालकाकडून करावी. त्याच आशयाची तरतूद नव्या संहितेतही आहे. ४० व्या कलमाने कंत्राटदाराच्या कामगाराची वर्गणी भरण्याची पहिली जबाबदारी मुख्य मालकावर टाकली होती. कंत्राटदाराकडून वसूल करणे हा त्या दोघांमधला मामला. ही जबाबदारी नव्या संहितेनेही पुसलेली नाही. या तरतुदी कल्याण योजनेच्या दाव्यालाही लावा, हा आग्रह आपण लेखी धरला पाहिजे. अधिकार आहे पण तो वापरण्याची सक्ती नाही. ती सक्ती निर्माण करते संघटना.

जबलपूरमध्ये या प्रश्नाला विशेष धार आहे. गन कॅरेज फॅक्टरी १९०४ पासूनची, खमरियाचा दारूगोळा कारखाना दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला, वाहन कारखाना १९६९ चा. या कारखान्यांनी या शहराला कायम नोकरीची सवय लावली. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुधनिर्माणी मंडळ मोडून ४१ कारखाने सात कंपन्यांत वाटले गेले, आणि त्याआधी याच क्षेत्रातील संपावर बंदी घालणारा कायदा करण्यात आला. ज्या घरात बाप आयुधनिर्माणीतून पेन्शन घेऊन निवृत्त झाला, त्याच घरातला मुलगा आज रखवालदार, वॉर्डबॉय किंवा मॉलमधला मदतनीस म्हणून कंत्राटदाराच्या यादीत आहे. बापाला बेकारी विम्याची गरज पडली नाही. मुलाला ती कोणत्याही महिन्यात पडू शकेल.

देशोदेशींचा अनुभव

ही झुंज आपणच प्रथम लढत आहोत असे नाही. इंग्लंडमध्ये १९२० च्या दशकात बेकाराला ‘आपण मनापासून काम शोधत आहोत’ हे सिद्ध करण्याची अट घालण्यात आली होती. जेथे खाणी आणि गोद्याच बंद होत्या तेथेही दारोदार काम मागितल्याचा पुरावा लागे. ही अट १९३० साली रद्द करावी लागली. त्यामागे १९२१ साली उभ्या राहिलेल्या राष्ट्रीय बेकार कामगार चळवळीचा मोठा वाटा होता. कम्युनिस्ट कार्यकर्ते वॉल हॅनिंग्टन तिचे नेते. ही चळवळ उपाशीपोटी लंडनवर चालून जाणाऱ्या मोर्च्यांसाठी प्रसिद्ध आहे. पण नामंजूर झालेल्या बेकारांची बाजू अपील मंडळांपुढे मांडण्याचे कामही तिच्या कार्यकर्त्यांनी नेटाने केले. त्या मंडळांवर अध्यक्षांबरोबर मालकांचा एक व विमेदार कामगारांचा एक प्रतिनिधी बसत असे. इतकेच नव्हे, तर १९११ च्या कायद्यातही संपामुळे रिकामी झालेली जागा नाकारल्याबद्दल कामगाराचा भत्ता बंद करता येत नव्हता. बेल्जियम, डेन्मार्क, स्वीडन, फिनलंड या देशांत तर बेकारी विम्याच्या कारभारात कामगार संघटनांचा प्रत्यक्ष सहभाग राहिला आहे. तपासणी कामगारांच्या सहभागाने केली तर विमा कोसळतो, हा प्रचार खोटा आहे.

याउलट दुसरे उदाहरण अमेरिकेतील मिशिगन राज्याचे. तेथे २०१३ साली बेकारीच्या दाव्यांची छाननी संगणकाच्या स्वाधीन करण्यात आली. मालकाची माहिती आणि कामगाराची माहिती यांत तफावत दिसली की यंत्र कामगाराला लबाड ठरवी. २०१५ पर्यंत सुमारे ४०,००० लोकांवर असा आरोप ठेवला गेला. भत्त्याच्या चौपट दंड, त्यावर व्याज, पगारातून वसुली. पुढे यंत्राने एकट्याने निकालात काढलेली सुमारे २२,००० प्रकरणे माणसांनी तपासली तेव्हा त्यातील ९३ टक्के निर्णय चुकीचे निघाले. दोष यंत्राचा म्हणून सोडून देण्याजोगा नाही. तफावत दिसली तर खोटे बोलतो तो कामगारच, हे गृहीत यंत्रात माणसांनीच भरले होते. आपल्याकडेही सगळी छाननी पडद्यावर येत चालली आहे. तेथे २ हा आकडा कोणी टाकला, असा प्रश्न यंत्र विचारणार नाही.

टेबलापलीकडचा माणूस

साथींनो, याचा अर्थ कचेरीतल्या कर्मचाऱ्याला शत्रू मानावयाचे असा नव्हे. तोही पगारदार आहे. त्याच्या शेजारच्या जागा रिकाम्या आहेत आणि त्यांचे काम त्याच्याच टेबलावर आले आहे. त्याच्या हातून दोन प्रकारच्या चुका होऊ शकतात. अपात्राला पैसे दिले जाणे ही एक, पात्राला नाकारले जाणे ही दुसरी. पहिल्या चुकीवर लेखापरीक्षणाचा आक्षेप येतो, वसुली होते, बढती अडते. दुसऱ्या चुकीवर कोणताही आक्षेप येत नाही. नामंजूर झालेला कामगार मुकाट्याने घरी जातो, आणि फाईल बंद होते. अशा व्यवस्थेत शंका आली की नाकारणे हीच सुरक्षित वाट ठरते. ही त्या माणसाची दुष्टाई नव्हे, ही व्यवस्थेची रचना आहे. ती बदलावयाची तर दुसऱ्या चुकीलाही आवाज मिळाला पाहिजे. प्रत्येक अन्याय्य नकारावर लेखी हरकत गेली पाहिजे. प्रामाणिक कर्मचाऱ्याला अशा हरकतीचा उपयोगच होतो. वरिष्ठांना दाखविण्यासाठी त्याच्या हाती कागद येतो.

आपली कामे

शेवटी, करावयाची कामे थोडक्यात सांगतो.

पहिले काम: बेकारी येण्याआधीच कागद गोळा करणे. विमा क्रमांक, दरमहाची वर्गणी, पगारपत्रक, हजेरी यांची नोंद प्रत्येक कामगाराने स्वतःच्या वहीत ठेवावी. मालकाच्या नोंदवहीसमोर कामगाराची नोंदवही उभी राहिली पाहिजे.

दुसरे: न वाचता सही नाही. भाषा कळत नसेल तर कागद मागून घ्यावा, वाचणाऱ्याकडे आणावा. या कामासाठी प्रत्येक वस्तीत एक तरी साक्षर साथी तयार झाला पाहिजे.

तिसरे: नोकरी गेली त्या आठवड्यातच मालकाला आणि विमा कचेरीला लेखी कळवावे की, आपण काम सोडलेले नाही, आपल्याला काढले आहे. पोच घ्यावी. हे पत्र २ या आकड्याला दिलेले पहिले उत्तर होय.

चौथे: दावे एकेकटे न देता एकाच मालकाचे एकत्र द्यावेत. नकार आला तर कारण लेखी मागावे. वर्गणी बुडवलेली असेल तर मालकाकडून वसुलीची मागणी त्याच अर्जात करावी.

पाचवे आणि सर्वांत मोठे काम मागणीचे. बेकारीचा लाभ मुदतवाढीवरची योजना न राहता कायद्याच्या यादीतला हक्क झाला पाहिजे. ‘आयुष्यात एकदाच’ ही अट गेली पाहिजे. आजारी आयुष्यात एकदाच पडायचे असे कोणी म्हणत नाही. नोकरी जाण्याचे कारण सिद्ध करण्याचा भार मालकावर असला पाहिजे. नामंजूर दाव्यांची सुनावणी करणाऱ्या मंडळावर कामगारांचा प्रतिनिधी असला पाहिजे. आणि ज्या देशात बहुसंख्य कष्टकरी विम्याच्या कक्षेबाहेरच आहेत, तेथे शेतमजूर, विडी कामगार, फेरीवाला यांच्यापर्यंत हा हक्क पोचला पाहिजे. महाराष्ट्रातील रोजगार हमीच्या कायद्याने, तो २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला, काम देता आले नाही तर बेकारभत्ता देण्याचे तत्त्व मान्य केले होते. रक्कम तुटपुंजी होती, ती मिळवणेही दुरापास्त होते. पण काम न देणे हा राज्याचा दोष आहे, मागणाऱ्याचा नव्हे, हे त्याने कायद्याच्या पुस्तकात लिहून ठेवले होते. तेवढे तरी शहरातील कामगाराच्या बाबतीत लिहिले गेले पाहिजे.

भांडवलशाही बेकारी निर्माण करते आणि मग बेकाराला विचारते, तुझी बेकारी खरी कशावरून? या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक कामगाराने एकट्याने, खिडकीपुढे उभे राहून देत बसावे, अशी राज्यकर्त्या वर्गाची अपेक्षा आहे. आपण ते उत्तर संघटितपणे, कागदासहित आणि मालकाच्या नोंदवहीवर बोट ठेवून द्यावयाचे आहे. पुढच्या रविवारपासून या वस्तीत अर्ज वाचून पाहण्याचे काम सुरू होत आहे. ज्यांना लिहिता-वाचता येते आणि बेरीज-भागाकार येतो, त्या सर्व साथींनी आपली नावे सभा संपताच द्यावीत.